फादर पाठ फिरवत नाहीत

शनिवारी संध्याकाळी इस्त्रीवाला पापनिवेदनाच्या जाळीपाशी गुडघे टेकून बसला आणि बराच वेळ नुसता घसा खाकरत राहिला.

“बोल बाबा,” जाळीपलीकडून फादर म्हणाले.

“एका गिऱ्हाईकाचा कपडा जाळला, फादर. पांढराशुभ्र. मागून, बसायच्या जागी. गप्पांच्या नादात इस्त्री तिथंच राहिली. मग घडी अशी घातली की डाग आत गेला. कपडा घरी पोचवला आणि गुपचूप निघून आलो.”

“मग जाऊन सांग त्याला.”

“ओरडेल हो. उद्या तो बड्या पाहुण्यांसमोर तेच घालणार आहे.”

“अरे, मग आजच सांग! बिचाऱ्याची काय शोभा होईल!”

“तुमचीच होईल, फादर.”

फादरांना इस्त्रीला दिलेला आपला पांढरा झगा आठवला. उद्या मुलांना दृढीकरणाचा संस्कार द्यायला बिशप येणार होते. मागच्या भेटीत फादरांच्या एका पायात काळा बूट होता, दुसऱ्यात तपकिरी. तेव्हा बिशप त्यांच्या थोरल्या बहिणीला म्हणाले होते, “ताई, तुमचा भाऊ भला आहे, पण गबाळा. पुन्हा असा दिसला तर इथून उचलून माझ्या कचेरीत बसवीन.” तेव्हापासून ताईची झोप उडाली होती. चर्चच्या आवारातल्या या घराच्या भिंतींना तिने मायेने चुना लावला होता. आजारी शेजारणी, दारची भाजी, विहिरीवरची थट्टामस्करी, सगळं सोडून जायचं?

पापनिवेदनात ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. चर्चचा कायदा त्याच्याही पुढे जातो. सांगणाऱ्याला त्रास होईल असा त्या माहितीचा वापरही करायचा नाही. आणि त्याने परवानगी दिल्याशिवाय त्याच्यापाशीसुद्धा विषय काढायचा नाही.

“बाहेर येऊन मला एकदा सांग,” फादर कळवळून म्हणाले, “म्हणजे मला बोलता येईल.”

“सांगतो, फादर.”

पापक्षमा झाली. फादर मुद्दाम दारात रेंगाळले. इस्त्रीवाला आला, त्याने हात जोडले, “हवा छान सुटलीय,” म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून पसार झाला.

घरी झगा पलंगावर होता. घडी घातलेला, नवरीसारखा निष्पाप. उलगडला असता तर प्रश्न मिटला असता. पण एरवी फादर कधी घडी उलगडून बघत नसत, ते काम ताईचं. आज आपण बघितलं तर ते ऐकल्यामुळेच! फादर पलंगाशी उभे राहून ताईची वाट बघू लागले. ताई आली.

“असा काय उभा आहेस पाहुण्यासारखा?”

“सहज.”

“झगा आला वाटतं. बघायची गरज नाही, इस्त्रीवाला देवमाणूस आहे.” तिने घडी तशीच कपाटात ठेवली. “दुसरा झगा मी भिजत टाकलाय. आणि हे बघ, बूट एका रंगाचे काढून ठेवलेत.”

सकाळी चर्चमधली उपासना, मिस्सा, नीट पार पडली, कारण मिस्सेची वस्त्रं झग्यावरून घालतात. संकट सुरू झालं ती वस्त्रं उतरवल्यावर. चहाच्या वेळी फादर भिंतीला पालीसारखे चिकटून राहिले.

“चला, नवी शाळा दाखवा,” बिशप म्हणाले.

“आपण पुढे व्हा.”

“रस्ता मला कुठे ठाऊक आहे?”

मग फादर बिशपांकडे तोंड करून उलटे चालू लागले. एक कुंडी पडली. एक बाक आडवा झाला. “ही आमची बाग,” ते म्हणाले आणि बागेत बसले. ते उठत असताना मागून ताईचा आवाज आला.

“अगं बाई! हे काय रे? झगा जळलाय!”

सगळं अंगण वळलं. पांढऱ्या कापडावर तपकिरी, टोकदार, इस्त्रीचा हुबेहूब ठसा.

“कुणी जाळला?” बिशपांनी विचारलं.

फादर गप्प.

“तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर सकाळपासून पाठ लपवताय. ठाऊक असून घातलात?”

“हो” म्हटलं तर कसं कळलं, हा प्रश्न येणार. “नाही” म्हटलं तर ते खोटं.

“अरे, बोल की!” ताई रडकुंडीला आली. “मुका झालास का? आज सगळं घालवणार आहेस तू!”

गर्दीत इस्त्रीवाला होता. त्याच्या मुलीचंही आजच दृढीकरण झालं होतं. ताईचे डोळे भरलेले बघून तो पुढे आला. “मी जाळला. फादरांना काय विचारता? काल जाळीपाशी मी सांगितलंय त्यांना.”

बिशप फादरांकडे वळले. “खरं का हे?”

“आज ऊन जरा जास्तच आहे,” फादर म्हणाले.

बिशपांनी तरुणपणी चर्चचा कायदा शिकवला होता. ते बराच वेळ त्या ठशाकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, “फादर, मलाही पापनिवेदन करायचं आहे. ऐकाल?”

दोघं चर्चमध्ये गेले. बाहेर ताई दाराला डोळे लावून उभी. बिशप आले ते डोळे पुशीत, पण ते हसून आलेलं पाणी की रडून, कळेना. ते गाडीत बसून निघून गेले.

“काय म्हणाले? राहायचं की जायचं?”

फादर गप्प.

“मला, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही?”

फादर हसले नाहीत, कारण त्याचा एक अर्थ निघाला असता. उसासा टाकला नाही, कारण त्याचा दुसरा. ताईने चिडून चहात मीठ घातलं. त्यांनी कप कोऱ्या चेहऱ्याने रिकामा केला.

फादर काही केल्या तोंड उघडत नाहीत, ही बातमी मात्र पसरली. पुढच्या शनिवारी पापनिवेदनाला रांग पार फाटकाबाहेर गेली. लग्नानंतर इकडे न फिरकलेले नवरे, भांडखोर विहिणी, गावचे दोन्ही दूधवाले, सगळे आले. रांगेत शेवटी ताई होती.

“फादर,” ती म्हणाली. एकान्तात त्यांना तिने असं पहिल्यांदाच म्हटलं. “एक गोष्ट कळावी म्हणून माझा जीव नुसता तडफडतोय. हे पाप आहे का?”

“नाही.”

“मग प्रायश्चित्त नको?”

फादर जाळीच्या जवळ सरकले.

“ते तर तुझं चालूच आहे, ताई.”