भोईरकाकांची चार माणसं

आमच्या शहाडच्या बिल्डिंगमधले भोईरकाका गेली दहा वर्षं एकच व्हिडिओ गेम खेळतायत आणि या मार्चपर्यंत पहिल्याच गावात अडकून होते. याचं कारण त्यांचा प्रामाणिकपणा.

गेम जुना, हातात धरून खेळायचा, उल्हासनगरच्या बाजारातून सेकंडहँड आणलेला. चार शूर माणसं गावातून निघतात आणि लढत लढत डोंगरावरच्या राक्षसराजापर्यंत पोचतात, एवढीच त्याची गोष्ट. शाळेत असताना मावसभावाकडे मी तो तीनदा संपवलेला. त्यात रीत अशी की कुणाच्याही घरात घुसायचं, मडकी फोडायची, पेट्या उघडायच्या आणि तलवार, औषध, जे मिळेल ते उचलायचं. घरमालक समोरच उभा असतो, पण चकार शब्द काढत नाही. काकांना हे साफ नामंजूर. "तो बिचारा बोलत नाय म्हणून काय झालं? आपल्याला कळायला नको?" त्यामुळे दहा वर्षांनंतरही त्यांच्या चौघांच्या हातात लाकडी काठ्याच होत्या आणि वेशीबाहेरचा साधा बेडूकसुद्धा त्यांना पिटाळून लावायचा.

त्यात वेशीबाहेर पडण्याआधी काका गावातल्या अकराही घरांत जाऊन प्रत्येकाचा निरोप घेतात. बटण दाबायचं आणि स्वतः मोठ्याने म्हणायचं, "येतो हां." हा नियम बिल्डिंगलाही लागू. एकदा मी घाईत "चला काका, जातो" म्हणून निघालो, तर त्यांनी मला गेटवरून परत वर बोलावलं, "येतो" म्हणायला लावलं आणि मगच सोडलं. तोवर माझी शेअर रिक्षा निघून गेली होती. या प्रसंगाची नक्कल करून मी सोसायटीच्या गणपतीत बक्षीस मिळवलंय. काका पहिल्या रांगेत बसून हसत होते. आता ते आठवलं की मान खाली जाते.

मार्चमध्ये काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर स्क्रीन बंद केला. शेजाऱ्याकडे कुंड्या सोपवाव्यात तसा त्यांनी गेम माझ्याकडे सोपवला. "नित्या, चौघांना रोज धर्मशाळेत झोपव. बाकी काय करू नको."

दोन दिवस मी इमानदारीत झोपवलं. तिसऱ्या दिवशी रविवार होता आणि माझ्यातला आठवीतला पोरगा जागा झाला. अर्ध्या तासात मी अकराही घरं साफ केली. तलवारी आल्या, चिलखतं आली, बेडूक पळायला लागले. महिना संपत आला तेव्हा मी डोंगराच्या पायथ्याशी होतो.

तिथे अडचण आली. चौघांत औषध देणारी एक बाई होती. इंग्रजी अक्षरांत तिचं नाव मंदा. फार कच्ची होती, प्रत्येक लढाईत पहिली पडायची. या गेममध्ये नको असलेला माणूस काढून नवा भरती करता येतो. मी तिला काढून एक जादूगार घेतला. ही पुन्हा परत येणार नाही, नक्की काढू का, असं गेमने विचारलं. मी चहा पीत पीत 'हो' दाबलं. दुसऱ्या दिवशी राक्षसराजा मेला आणि काका किती खूश होतील या विचाराने मला हसू फुटत होतं.

काका काळा चष्मा लावून आले. मी तलवारी दाखवल्या. कुठून आल्या, असं त्यांनी विचारलं, तेव्हा कुणाच्या घरातून काय उचललं ते मी फुशारकीने सांगितलं. ते "बरं" एवढंच म्हणाले. मग यंत्र लांब धरून नावं वाचता वाचता थांबले.

"मंदा कुठंय?"

"ती ना, कच्ची होती काका. काढून टाकली."

"कच्ची होतीच. नाव तिनंच घातलेलं, स्वतःचं. मला म्हणाली, मला मारामारी जमायची नाय, मी आपली औषधं देईन."

मंदा म्हणजे काकू, हे समजायला मला वेळ लागला. पंधरा वर्षं त्या घरात तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी खाल्ली, पण त्या माउलीला मी नुसतं काकू म्हणत आलो. दारावरच्या पाटीवर काकांचंच नाव. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या तेव्हा सोसायटीच्या फळ्यावरही 'श्री. भोईर यांच्या पत्नी' एवढंच लिहिलेलं. काका सेकंड शिफ्टला असताना त्या टिटवाळ्याला बहिणीकडे गेल्या आणि तिथेच कोसळल्या. दोघांची शेवटची भेटही झाली नाही. काकांनी लोकांना "येतो" म्हणायला लावणं सुरू केलं ते त्यानंतर, हेही मला त्याच क्षणी आठवलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मी माफी मागितली. त्याच नावाची नवी बाई भरती करून देतो, असंही बोलून गेलो. काकांनी मानेनेच नको म्हटलं. मग यंत्र मांडीवर ठेवून हळूच विचारलं, "नित्या, काढलीस तेव्हा काय बोलली का ती? येते म्हणाली?"

गेममध्ये ती काहीच बोलली नव्हती. नाव पुसलं गेलं आणि त्या जागी जादूगार आला, एवढंच.

"हो काका," मी म्हटलं. "येते म्हणाली."