जुनीच स्वस्त पडते

दुर्गापुऱ्यात आमच्या गल्लीत कोणी नवी गाडी घेतली, की पेढा तोंडात टाकण्याआधी दिघेकाका ती किती महागात पडेल ते सांगतात. हप्ता, विमा, शोरूमबाहेर पडताच उतरलेली किंमत. "आता माझी पाहा. हप्ता नाही, ओरखड्याची भीती नाही. हिशेब करा, बाप्पा!"

काका मूळचे अमरावतीचे. कृषी संशोधनातून निवृत्त झाले. काकू गेल्यापासून एकटेच राहतात. त्यांची गाडी वीस वर्षांहून जुनी आहे आणि बहुतेक रविवारी सकाळी ती सुरू होत नाही. मग ते फाटकात उभे राहून हाका मारतात. मी, समोरचे शर्माजी आणि आमच्या वरच्या मजल्यावरचा आयटीतला कुलकर्णी जाऊन धक्का मारतो.

"दिघेजी, इससे अच्छा ऊँट रख लो," शर्माजी म्हणतात.

"उसका भी हिसाब किया है. महँगा पड़ता है."

गाडी सुरू झाली की काका गल्लीत एक फेरी मारून परत येतात. जायचं कुठेच नसतं. मग सगळ्यांना पोहे.

"काका, बॅटरीचा खर्च हिशेबात धरता का? आणि आमच्या कमरेचा?" कुलकर्णीने एकदा विचारलं. काकांनी त्याला आणखी पोहे वाढले.

गेल्या शनिवारी त्यांच्या मुलाचा, निखिलचा, बंगळुरूहून मला फोन आला. "काका, बाबांना मी नवी गाडी घेऊन देतो. ते तुमचं ऐकतात. मतलब, तुम्ही हो म्हणालात तर लगेच बुक करतो."

संध्याकाळी मी समजवायला गेलो. काका गाडीत बसले होते. त्यांनी हेडलाइट लावले, समोरच्या भिंतीवर उजेड पडल्याची खात्री केली आणि दार लोटून घरात गेले. दिवे बंद करायला विसरले असतील म्हणून सांगायला मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेलो. ते मटार सोलत होते. ओट्यावर चार बशा पुसून मांडलेल्या होत्या.

मी हाक मारली नाही. दिवेही बंद केले नाहीत.

रविवारी गाडी सुरू झाली नाही. आम्ही धक्का मारला. पोह्यांत मटार होते.

घरी येऊन निखिलला फोन लावला.

"काय ठरलं, काका?"

"हिशेब केला," मी म्हणालो. "जुनीच स्वस्त पडते. पटत नसेल तर एखाद्या रविवारी ये. धक्क्याला माणूस कमी पडतो."