स्टेशन कुणाचं?

माझ्या मुलीला बघायला बीडहून पाहुणे आले, ते मोटारीनं. तरी साळवेकाकांनी त्यांना स्टेशन दाखवायला नेलंच. पोहे निवले, मुलगी साडी सांभाळत बसली, आणि नवरामुलगा फलाटावर उभा राहून निजाम सरकारच्या रेल्वेचा इतिहास ऐकत होता. लग्न जमलं, म्हणून काका आजही आमच्या घरी येऊ शकतात.

वेरूळजवळच्या आमच्या शहरात, गारखेडा भागात, काका माझे शेजारी. नोकरी पोस्टातली, पण जीव रेल्वेत. त्यांच्या घरी कुणीही आलं की वेरूळ नंतर, आधी स्टेशन. "वेरूळ कुठं पळून चाललंय?" असं म्हणत ते पाहुण्याच्या हातात चप्पल देत.

काकांचं म्हणणं एकच. "हे स्टेशन लष्कराचं हाय! इथं छावणी, तिकडं जालन्याला छावणी. मनमाडला उतरलेली फौज थेट सिकंदराबादेपर्यंत न्यायची, म्हणून इंग्रजानं निजामाच्या मुलखात रूळ घालायला लावले. तुम्ही-आम्ही नंतर घुसलोय गाडीत."

हे म्हणणं खोडायला जगात एकच माणूस होता. छावणीतले हबीबसाहेब, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. दर रविवारी सकाळी दोघं फलाटतिकीट काढून बाकावर बसत आणि भांडत.

"मियाँ, फौज अंग्रेज की होगी, लेकिन घाटा हुआ तो भरनेवाला कौन? हमी किसकी? निजाम की! पत्थर हमारा, पसीना हमारा, और स्टेशन उनका?"

"हमी घेतली कशासाठी? तोफा न्यायला!"

"और कापूस कौन ले गया? तोफ?"

भोवती माणसं जमायची. परभणीचं एक वऱ्हाड ऐकता ऐकता इतकं रंगलं, की गाडी हलल्यावर नवरदेवाला धावत चढावं लागलं. "देखो, निजाम की गाडी में बैठा," हबीबसाहेब म्हणाले. "लष्करासारखा पळाला की पण!" काका म्हणाले. कुणीही कधी माघार घेतली नाही. घरी जाताना मात्र काका हबीबसाहेबांना रिक्षात बसवून द्यायचे आणि रिक्षावाल्याला दम भरायचे, "हळू ने. मास्तर हायेत."

यंदा थंडीत हबीबसाहेब गेले. मला वाटलं, आता रविवार संपला. पण रविवारी सकाळी काका इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात उभे. "चल स्टेशनला."

बाकावर नांदेडला निघालेलं एक जोडपं बसलं होतं. काकांनी घसा साफ केला.

"हे स्टेशन निजामाचं बरं का," ते म्हणाले. "हमी निजामाची. दगड इथला, घाम इथल्या माणसाचा."

मी चकित. जोडपं गाडीत चढून गेल्यावर विचारलं, "काका, तुम्ही तर लष्कराचं म्हणायचात?"

"माझी बाजू मांडायला मी हाय की. त्याची कोण मांडणार?"

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू माझ्याकडून बोल."

मी चाचरत सुरुवात केली. "पण काका, छावणी नसती तर..."

"असा मिळमिळीत बोलायचो व्हय मी? जोरात भांड!"

मी आवाज चढवला. तोफा काढल्या, सिकंदराबाद काढलं, होतं नव्हतं ते सगळं सांगितलं. काका हबीबसाहेबांच्या हिंदीत एकेक मुद्दा खोडत गेले. त्यांचा आवाज चिरकत होता, पण ते थांबेनात. शेवटी मी हात टेकले.

"मान्य," मी म्हणालो. "निजामाचंच स्टेशन."

काकांनी तोंड फिरवलं. समोरचे रूळ मोकळे होते.

"एवढंच ऐकायचं होतं रे त्याला," ते म्हणाले. "मला एकदा म्हणायला काय झालं होतं?"