बैसाणे सरांची तालीम

गेल्या वर्षी स्कूटरवरून पडून माझा हात मोडला, तेव्हा गल्लीतली झाडून सगळी माणसं मला बघायला आली. कोणी हळदीचं दूध प्यायला सांगितलं, कोणी हाडवैद्याचा पत्ता दिला. बैसाणे सर आले, त्यांनी प्लास्टरकडे ढुंकूनही पाहिलं नाही, समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पडल्यानंतर स्वतःचा पहिला चहा स्वतः कधी केलात?"

मी म्हणालो, "सर, मी धडधाकट असतानाही कधी चहा केलेला नाही."

"अरेरे! मग मोजायचं कशावरून?" सर हळहळले. ही हळहळ माझ्या हाताबद्दलची नव्हती, हे माझी बायको ज्योती अजून सगळ्यांना सांगत असते.

सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या रो-हाउसच्या गल्लीत सरांची आणि आमची भिंत एकच आहे. त्यांचे वडील साक्रीकडून इथे उधन्याला कापडाचे लूम चालवायला आले, आणि मुलगा शिकून इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक झाला. त्यांच्या संशोधनाचा विषय डोक्यात शिरायला मला बरीच वर्षं लागली. मी रिंग रोडच्या मार्केटात साड्यांच्या पेढीवर हिशेब लिहिणारा माणूस. कुठलीही मोठी यंत्रणा घ्या, वीज म्हणा, पाणी म्हणा, दवाखाना म्हणा. तिला धक्का बसला की ती किती कोलमडते आणि परत उभी राहायला किती वेळ घेते, ते मोजायचं, असा तो विषय. "म्हणजे मजबुती मोजायची," असं मी एकदा म्हणालो, तर सर चक्क दुखावले.

"मजबूत काय, दगडही असतो, वानखेडेभाऊ. लूमवर तार तुटणारच. तुटल्यावर लूम परत कधी चालू झाला, ते सांगा मला."

ही विद्या त्यांनी कॉलेजात ठेवली असती तर आमची काही तक्रार नव्हती. पण सरांना जिथे तिथे एकच प्रश्न पडतो, "हा भाग काढला तर?" जो भाग काढल्यावर सगळं बसतं, तो शोधायचा आणि त्याला जोडीदार द्यायचा. त्यांच्या घरात शेगड्या दोन, टॉर्च दोन, आणि दाराच्या किल्ल्या तर आमच्यासकट निम्म्या गल्लीकडे. एका लग्नात ते सरळ भटारखान्यात घुसले आणि मुख्य आचाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यांना काढलं तर?" आचाऱ्याला वाटलं, मुलीकडच्यांनी आपल्याला खरंच काढलं. त्याने झारा खाली ठेवला, गमछा झटकला आणि टेम्पोत जाऊन बसला. वधूपित्याने हातापाया पडून त्याला परत आणेपर्यंत पुऱ्या थांबल्या होत्या. सर मात्र वरातीत सगळ्यांना सांगत होते, "बघा, सगळं लग्न एका माणसावर उभं होतं!"

एका रविवारी सकाळी त्यांनी गल्लीच्या पाण्याची मोटार बंद केली. समोरचे हसमुखभाई डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत टॉवेल गुंडाळून बाहेर आले. "अरे साहेब, आ शुं मांड्युं छे?"

"समजा, मोटार जळाली," सर घड्याळाकडे बघत म्हणाले. "आता तुम्ही काय करणार?"

हसमुखभाईंनी आपण काय करणार आहोत ते मोठ्यांदा सांगितलं. ते इथे लिहिता येणार नाही. सरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा राग झाला. उपाय सांगा."

पुढे उन्हाळ्यात मोटार खरोखर जळाली, तेव्हा कोणी बोंब मारली नाही. ज्याच्या टाकीत पाणी होतं, त्याच्या बादल्या भिंतींवरून इकडून तिकडे गेल्या. सर नव्या नवरदेवासारखे मिरवत होते. त्या दिवसापासून हसमुखभाई त्यांना मान देऊ लागले, म्हणजे निदान शिव्या हळू देऊ लागले.

सरांनी लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची माय. आम्हीही तिला मायच म्हणतो. तिला डोळ्यांनी जेमतेम दिसतं, साखरेची गोळी आणि जेवण वेळच्या वेळी लागतं. सुरतेत तिचा सगळा जन्म गेला, पण ती बोलते फक्त अहिराणी. मी अकोल्याकडचा. माझी अहिराणी मायच्या ओट्यावर बसून झालेली.

दिवाळीनंतर एकदा सर आमच्याकडे आले. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "वानखेडेभाऊ, आमच्या घरातून मला काढलं तर?"

मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

"मायला माझ्याशिवाय कोणी नाही. डॉक्टर म्हणतात, छातीकडे लक्ष द्या. मी लक्ष देतोच आहे. पण मी नसलो, तर तिला दुपारची भाकरी कोण देणार, एवढं मला बघून ठेवायचं आहे."

ज्योतीने तेव्हाच होकार दिला आणि अशी आमची तालीम सुरू झाली. सकाळचा चहा आणि गोळी आमच्याकडे, दुपारचं जेवण हसमुखभाईंच्या कोकिलाबेनकडे, रात्री सोबतीला झोपायलाही त्याच. तालमीच्या दिवशी सर गायब होणार, फोन बंद ठेवणार. आपण त्यांना शोधायचं नाही, सगळं लक्ष मायकडे द्यायचं. आणि तालीम कधी आहे, हे कोणालाच आधी कळता कामा नये, मायला तर मुळीच नाही. नाहीतर चाचणी खोटी ठरते, असं त्यांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं.

पहिल्या तालमीत आम्हाला वाटलं कोकिलाबेननी चहा दिला, कोकिलाबेनना वाटलं आम्ही दिला. दुसऱ्या तालमीत दोघींनीही दिला, वर हसमुखभाई गरम खमण घेऊन गेले. साखर असलेल्या बाईला साखर पेरलेलं खमण! सरांनी त्यांना ओट्यावर बसवून असं झापलं की पाण्याच्या मोटारीची सगळी फिट्टमफाट झाली. पुढे मात्र आमचा हात बसला. माय शांतपणे जेवायची, ओट्यावर गप्पा मारायची, एकदाही मुलाचं नाव काढायची नाही. "यंत्रणा तयार झाली," सर म्हणायचे.

मग एका गुरुवारी सर कॉलेजातून दुपारी जेवायला घरी आले नाहीत. फोन लावला, तो बंद होता.

"तालीम," मी ज्योतीला म्हणालो. आणि आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलो. दुपारची भाकरी गेली, रात्री कोकिलाबेन झोपायला गेल्या, सकाळी चहा आणि गोळी गेली. माय मात्र ह्या वेळी उंबरा सोडायला तयार नव्हती. "मना आंडोर कथा गया?" माझा मुलगा कुठे गेला, हे तिने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. "अहो माय, सरांची तालीम आहे," ज्योती म्हणाली.

"नही वं बाई. तालीम नही."

आम्ही हसलो. म्हातारं माणूस, असं म्हणून सोडून दिलं.

शुक्रवारी दुपारी सर रिक्षातून उतरले आणि आधी आमच्याकडे आले. "गोळी? जेवण? रात्री सोबत?" एकेक विचारत गेले, ज्योती हो म्हणत गेली, आणि त्यांचा चेहरा फुलत गेला. "म्हणजे मला काढलं तरी चालतं!"

हात उडवून हे म्हणताना त्यांच्या मनगटावरची पांढरी पट्टी मला दिसली. मी विचारलं. कॉलेजात छातीत कळ आली, एकटेच रिक्षा करून दवाखान्यात गेले, तिथे मनगटातून नळी घालून तपासणी झाली, असं त्यांनी सांगितलं. रिझल्ट सांगावा इतक्या सहज.

"सर, एक फोन तरी करायचा होता!" ज्योती ओरडली.

"चाचणी बिघडली असती ना, वहिनी." ते हसले, आणि मग त्यांचं हसू टिकलं नाही. "खरं सांगू? पलंगावर पडल्या पडल्या माझं लक्ष दाराकडेच होतं. वाटायचं, आता वानखेडेभाऊ येतील. मग आठवायचं, मला शोधायचं नाही हे मीच तुम्हाला शिकवलंय."

मला माझी भयंकर लाज वाटली आणि सरांचा तेवढाच राग आला.

आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. माय उंबऱ्यावरच होती. तिने चाहुलीवरून ओळखलं, हात पुढे केला, मुलाचा हात चाचपला आणि तिची बोटं त्या पट्टीवर थांबली.

"तालीम ऱ्हास तवय तू माले कानमा सांगीसन जास," ती म्हणाली. "काल का बरं सांगं नही?"

मी वळून सरांकडे पाहिलं. म्हणजे प्रत्येक तालमीच्या सकाळी हा माणूस, आम्हाला इतकी तंबी देणारा, मायच्या कानात सांगून जात होता. ती शांतपणे जेवायची ते आमच्या यंत्रणेमुळे नव्हे. आणि काल अख्ख्या गल्लीत एकट्या तिला कळलं होतं की आज काहीतरी खरंच बिघडलं आहे.

"मग काय करणार?" सर माझ्याकडे न बघता पुटपुटले. "न सांगता गेलो, तर ती अशी बसून राहते."

आमच्यासमोर सर मायशीसुद्धा वर्गात शिकवल्यासारखं शुद्ध मराठी बोलायचे. त्या दिवशी ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "मी घाबरी गयथू वं माय."

"बठ आठे," माय म्हणाली, आणि सरकून तिने त्यांना उंबऱ्यावर जागा करून दिली.