गोचीडमुक्त सहल

एखाद्या रोगाचा समाजावर किती भार पडतो, हे त्या रोगापेक्षा तो मोजणाऱ्यावर जास्त अवलंबून असते. गोचीड चावते, विषाणू अंगात शिरतो, माणूस तापाने फणफणतो, कधी मेंदूला सूज येऊन अंथरुणाला खिळतो. पण हे सगळे गोचीड सापडली तर. आपल्या सर्वेक्षकाच्या हद्दीत ती सहा वर्षांत एकदाही सापडली नव्हती आणि याचे श्रेय सर्वस्वी त्यालाच जाते.

गोचिडी मोजायची पद्धत सोपी आहे. पांढरे कापड गवतावरून ओढायचे आणि चिकटलेल्या गोचिडी मोजायच्या. अडचण एवढीच, की आरोग्य कार्यालयाच्या सुरक्षा परिपत्रकानुसार कर्मचाऱ्यांनी गोचिडी असलेल्या जागी पाऊल टाकायचे नव्हते. (साहेब काळजीच्या बाबतीत फार कडक होते.) तेव्हा सर्वेक्षक दर सोमवारी ते कापड कार्यालयाच्या व्हरांड्यातून ओढत असे, जिन्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, नियमाप्रमाणे सावकाश. आजवरची एकूण प्राप्ती: गोचिडी शून्य, टाचण्या एकोणीस, लेखापालांच्या चष्म्याची काडी एक. फरशीही लख्ख राहायची, त्यामुळे झाडूवाल्या मावशींचा त्याच्यावर लोभ होता. शेजारच्या हद्दीतला एक खुळा खरोखर गवतात शिरला, तर तिथला रोगाचा भार आठवड्यात शून्यावरून दोनशेवर गेला. त्याची बदली केली, तेव्हा कुठे भार आटोक्यात आला.

असे सगळे सुरळीत चालले असताना सर्वेक्षकाच्या धाकटीने जेवताना सांगितले, की शाळेची सहल रानात जाणार आहे.

"रानात कशाला?" त्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

"बाईंनी तुमचा अहवाल वाचून दाखवला ना. शून्य गोचिडी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाबा."

बायको वाढता वाढता म्हणाली, "मग जाऊ दे की तिला. का अहवाल खोटा आहे?"

"अहवाल खरा आहे," तो म्हणाला. "जागा वेगळी आहे."

पोरगी तर गवत दिसले की लोळणारी. त्याच्या जिवाला घोर लागला. शेवटी लाज गुंडाळून ठेवून त्याने पालकसभेत सगळे सांगून टाकले: कापड, व्हरांडा, टाचण्या. सभा गंभीर झाली. मग एक वडील म्हणाले, "अहो, पण मुलांनी कपडे इस्त्री करून ठेवलेत." हा मुद्दा बिनतोड होता. अहवाल सरकारी असून सर्वेक्षकाचे बोलणे खासगी आहे, असा ठराव एकमताने मंजूर झाला.

धाकटी काही ऐकेना, तेव्हा तोही बसमध्ये चढला. पँट मोज्यांत खोचलेली, खिशात बारीक चिमटा. परतताना त्याने बसच्या दारात एकेक पोर उभे केले आणि कानामागे, मानेवर, गुडघ्यामागे पाहिले. एकतीस गोचिडी अलगद ओढून काढल्या आणि बाटलीत भरल्या. स्वतःच्या लेकीच्या मानेवरची काढल्यावर त्याने तिची मान पुन्हा दोनदा तपासली. पुढचे दोन आठवडे तो घरोघरी ताप आला का विचारत फिरला. एकालाही आला नाही. एवढा आनंद त्याला सहा वर्षांच्या शून्यांनी मिळून दिला नव्हता.

पालकांनी त्याच्याविरुद्ध तक्रार केली. त्यांचे म्हणणे साधे होते: आजवर इतक्या सहली गेल्या, एकाही मुलाच्या अंगावर गोचीड नव्हती, हा माणूस सोबत गेला आणि एकतीस निघाल्या. साहेबांना ते तत्काळ पटले. कापड आता दुसऱ्याकडे आहे. आपला माणूस चिमटा घेऊन मजेत हिंडतो, आणि ओळखीचे लोक त्याला पाहून रस्ता बदलतात.

तुम्हीही निश्चिंत राहा. हे वाचताना गुडघ्यामागे थोडे खाजल्यासारखे झाले असेल, तर तिकडे मुळीच पाहू नका. तुमच्या घरातला आकडा अजून शून्य आहे, आणि तो तसाच कसा ठेवायचा हे तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही.