बिनड्रायव्हरची गाडी

किशनमामांच्या विमानात ड्रायव्हर बसलेला असायचा. विमान थर्माकोलचं, हातभर लांब, मोटार पार्सलने मागवलेली. पण पुढच्या काचेमागे बोटाएवढा मातीचा माणूस, अंगात खाकी, डोक्यावर टोपी, असा बसवल्याशिवाय मामा ते उडवायचेच नाहीत. एकदा तो माणूस वरून पडला. मामांनी विमान तसंच उतरवलं आणि हळदीच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसून त्याला शोधायला लागले. मी म्हणालो, "मामा, त्याच्याबिगर बी उडतंय की." एसटीत विनातिकीट सापडलेल्या माणसाकडे पाहावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मामा एसटीचेच ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर आमच्याकडची माणसं पारावर बसून एकमेकांच्या सुनांची मापं काढतात. यांनी फोनवर बघून बघून विमानं करायला घेतली. प्रत्येकाच्या पोटावर लाल अक्षरांत पाटी: 'वसमत-औंढा, जलद'. विमान वर चढलं की मामा तोंडाने हॉर्न वाजवायचे. कुरुंद्याच्या अलीकडे आमचं गाव. त्यांच्या घराची आणि माझ्या पिठाच्या गिरणीची भिंत एकच. त्यामुळे गिरणी बंद केली तरी माझ्या कानाला आराम नव्हता.

पण मी बोलायचो नाही. गयामामींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, लकवा झाला, वाचा गेली, हातपाय गेले. दिवसभर अंगणात बाजेवर पडून असतात. माणूस ओळखतात की नाही, डॉक्टरलाही सांगता येईना. मात्र संध्याकाळी मामांनी अंगणावरून विमान फिरवलं, की मामींचे डोळे त्याच्यामागे फिरायचे. एवढंच. त्या डोळ्यांसाठी हा सगळा खटाटोप. विचारलं तर मामा म्हणायचे, "काही न्हाई, छंद हाय."

गेल्या हळदीच्या हंगामात ते ड्रोन आलं. कुठल्याशा कंपनीने वसमतहून आमच्या उपकेंद्रात हवेतून औषधं पोचवायला सुरुवात केली. दिवस मावळायला टेकलेला, शेतोशेत हळद शिजायला घातलेली, वाफ जमिनीलगत पसरलेली. त्या वाफेतून ते यायचं. पोटाशी पांढरी पेटी, तिच्याखाली एक लाल दिवा. गावातली कुत्री एकदम गप्प व्हायची. भुंकली असती तर बरं वाटलं असतं.

मामांनी पहिल्याच दिवशी कंपनीच्या पोराला उपकेंद्रासमोर गाठलं.

"आतमंदी कोन हाय?"

"कोणी नाही काका. आपोआप जातं."

"मंग समोरून गाडी आली त साईड कोन देतंय?"

"सेन्सर आहे ना."

"सेन्सरला झोप लागली त?"

पोरगा हसला. मामा हसले नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: लिंबाच्या शेंड्यापर्यंतची हवा गावाची. तिथं बगळे आहेत, लेकरांच्या पतंगी आहेत, मामा आहेत. रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की ड्रायव्हर एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, मग एकजण बाजूला घेतो. "हेच्या तोंडाकडं कसं पाहावं? तोंडच न्हाई," असं ते मला दळण होईपर्यंत सांगायचे आणि दळण झाल्यावरही सांगायचे.

खरं सांगायचं तर मलाही ते ड्रोन आवडलं नव्हतं. एक तर ते मामांच्या अंगणावर येऊन क्षणभर थांबायचं. कंपनीचा पोरगा म्हणायचा, वाटेत थांबायचं त्याला सांगितलेलंच नाही. पण आम्ही सगळे पाहायचो, थांबायचं. आणि दुसरं म्हणजे मामी. आवाज यायच्या आधी, कुत्री गप्प व्हायच्याही आधी, त्यांची मान हळूहळू वसमतच्या दिशेला वळायची.

एका संध्याकाळी मामांचं विमान आणि ते ड्रोन वाफेवर समोरासमोर आली. मामांनी हॉर्न दिला. ड्रोन जागच्या जागी थांबलं. पुढे नाही, मागे नाही, नुसती भुणभुण. मामांनीच विमान खाली घेतलं.

"त्यानं साईड देली न्हाई अन् मागितली बी न्हाई," ते म्हणाले. "नुसतं पाहून राहिलं."

मग मामांनी ग्रामसभा डोक्यावर घेतली. विजेच्या तारा, बगळे, लेकरं, सगळं काढलं. आमच्या ग्रामसभेत बोललेलं कधी होतं का? पण हे झालं. कंपनीने ड्रोनची वाट गावाबाहेर, कालव्यावरून वळवली. लोकांनी मामांना चहा पाजला.

त्यानंतर गिरणीत भिंतीपलीकडून हॉर्न ऐकू येईना. दोन-चार दिवस मी सुखात होतो, मग करमेना. जाऊन पाहिलं तर मामा बाजेजवळ बसलेले, विमान मांडीवर.

"काहून उडवून नाही राहिले, मामा?"

"ती पाहातच न्हाई."

मामींचे डोळे वर, वसमतच्या दिशेला लागलेले. तिथं काहीही नव्हतं.

मामांनी विमान बाजेखाली सरकवलं. मग म्हणाले, "गिरणीवाल्या, तुला म्हनून सांगतो. ते आलं की हिचा हात हालायचा. उजवा. माह्या इमानाला कधी हालला न्हाई. रोज पाहायचो म्या. कोन दिसत असंल हिला त्यात? रिकामं त हाय." त्यांनी नाक पुसलं. "बगळ्यांचं नुसतं नाव केलं. मलेच सहन झालं न्हाई, म्हनून हाकललं म्या ते."

मी म्हणालो, "उद्या वसमतला जाऊ, मामा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वसमतला गेलो. कंपनीचा पोरगा चक्रावला. "काका, तुम्हीच तर गावावरून बंद करायला लावलं!"

"व्हय. आता चालू करा. पाहिजे त खालून आना, हळू आना. माही बायको वाट पाहून राहिली."

पोराने खूप फोन केले. वाट काही बदलली नाही.

तेव्हापासून मामा संध्याकाळी माझी पोत्यांची हातगाडी नेतात. तिच्यावर गादी, गादीवर मामी, वर गोधडी. कालव्यापर्यंतचा रस्ता खडबडीत. मामा एकेक खड्डा चुकवत गाडी ढकलतात. परवा मीही गेलो. कालव्याचं पाणी काळं पडलं होतं. मामींची मान वळली. मग कितीतरी वेळाने लाल दिवा दिसला. ड्रोन आलं आणि बरोबर आमच्या डोक्यावर थांबलं.

गोधडीवरून मामींचा हात उचलला गेला, वीतभर.

मी वर बघत होतो. मामा वर बघतच नव्हते. त्या हाताखाली ते आपला तळहात धरून बसले होते, थकून खाली येईल तेव्हा तो गाडीच्या लोखंडावर आपटू नये म्हणून.