बाबा बनायचं म्हणजे

गुरुला बालवाडीत ‘माझे बाबा’ करून दाखवायचे होते, आणि त्याचा बाप राजशेखर आठवडाभर त्याच्याकडून स्वतःचीच खोटी नक्कल घोटून घेत होता.

खोटी अशासाठी, की टॉवेलचा कारखाना बंद पडल्यापासून राजशेखर भवानी पेठेतल्या घरी कडक भाकऱ्या करून विकायचा आणि बायको, सिद्धेश्वरी, स्कूटीवरून ऑफिसला जायची. धंदा बरा चालला होता. फक्त अक्कलकोटकडे राहणाऱ्या वडिलांना, रुद्रप्पांना, मुलगा अजून त्या कारखान्यात मॅनेजर आहे असं वाटत होतं. आपण त्यांच्या नजरेतून उतरू, ही त्याला भीती. आणि नेमके तेच आज कार्यक्रमाला आले होते.

"फोन कानाला लावायचा आन् म्हणायचं, माल पाठवा. बास," राजशेखरनं पुन्हा बजावलं.

गुरुला कुठंही तंद्री लागायची. काजळाची मिशी लावून तो स्टेजवर उभा राहिला. खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती, तिच्यात धूळ पिठासारखी तरंगत होती. तो बघतच राहिला. मग त्यानं फोन कानाला लावला, खांद्यानं दाबून धरला, "माल पाठवा" म्हणाला, आणि खाली बसून मोकळ्या हातांनी संथपणे भाकरी थापू लागला.

लोक हसले. ज्ञानदा मॅडम हळूच म्हणाल्या, "गुरु, आई नाही, बाबा करायचेत."

"बाबाच हाय की."

"बाबा ऑफिसला जातात ना?"

"आई जाती. बाबा भाकऱ्या करतेत, मग गच्चीवर वाळवतेत."

राजशेखर खुर्चीत खाली खाली सरकला. तेवढ्यात ‘माझी आई’ करायला थांबलेल्या अक्षताला, गुरुच्या बहिणीला, आपलीच पाळी आली असं वाटलं. ती हेल्मेट घालून आत शिरली.

"डबा झाला का? मला उशीर व्हायलाय."

गुरुनं नसलेली भाकरी नसलेल्या तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. दोघं घरातल्या रोजच्या सकाळमध्ये पार हरवून गेली. राजशेखरला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी आपली सकाळ इतकी छान असते हे त्याला पहिल्यांदाच दिसत होतं.

पहिल्या रांगेतून रुद्रप्पा उठले. काठी टेकत ते स्टेजपाशी गेले.

"बोटं मिटून थाप, गुरु. फाकवली की कडा फुटत्यात."

परतताना रिक्षात राजशेखरनं भीत भीत विचारलं, "आप्पा, तुमाला कसं ठावं?"

"तुजी आई बाजाराला भाजी घेऊन जायची, तवा घरात कोण थापत हुतं?"

"मला तर कधी दिसलं न्हाई."

"दिसंल कसं? दार लावून थापायचो की."